५० तास: दीक्षावर की पर्वरीला?

वाळपयची आमची एक सहकारी बाई विचारत होती, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातले शिक्षकांचे वर्षाचे ५० तास ट्रेनिंग दीक्षा या सरकारी ॲपवर करू की इथे गोव्यात पर्वरीला प्रत्यक्ष ट्रेनिंगला जाऊन? खर्च बघितला तर ॲप फुकट, पर्वरीला कदंबा बदलत अर्धा दिवस बसमध्येच. वेळेचं म्हणाल तर ॲप रात्री भांडी आवरून चालतं, पण रेंज गेली की व्हिडिओ गोल फिरत बसतो आणि त्यावरच्या निष्ठा या शिक्षक-प्रशिक्षण कोर्सच्या सर्टिफिकेटला क्विझमध्ये ७० टक्के लागतातच. शिकण्यात मात्र पर्वरी सरस, मी तिथे काजूच्या बियांनी दशक शिकवणं बघितलं नि सोमवारी वर्गात केलं, ॲपवरचं (खरं सांगते) काही आठवत नाही. घरी लहान मूल असेल तर ॲप, पहिली-दुसरीचा वर्ग नव्याने मिळाला असेल तर पर्वरीच.