पहिलं युकुलेले सेकंड हँड घेताय? माझे ११,७०० गेले, आधी हे वाचा

युकुलेले म्हणजे गिटारसारखं चार तारांचं छोटं वाद्य. कॉन्सर्ट साइझ, सॉलिड महोगनी म्हणजे अख्ख्या लाकडाचं, "वापरलंच नाही ताई, बदली झाली म्हणून विकतोय", ५,५०० रुपये आणि वर कुरियरचे ३५०. पुढे काय झालं असेल ते तुम्हाला कळलंच असेल, गोड बोलणं, "अजून दोघं मागे लागलेत", पैसे आधी.

पण मी डोळे झाकून पैसे टाकले नव्हते. सोप्रानो २१ इंची, कॉन्सर्ट २३, टेनर २६, सगळं वाचून ठरवलं होतं. साउंडहोलच्या, म्हणजे मधल्या गोल भोकाच्या, कडेचा क्लोजअपसुद्धा मागितला, कारण सॉलिड असेल तर वरच्या लाकडाच्या रेषा तशाच कडेवरून खाली उतरतात आणि प्लाय असेल तर थर दिसतात. त्याने काय पाठवलं? आतल्या लेबलचा फोटो! मोठ्या अक्षरात सॉलिड महोगनी, आणि कड नेमकी फोटोबाहेर. तिथेच, त्या फोटोलाच कळायला हवं होतं. परत मागितला तर म्हणे ऑफिसात आहे रात्री पाठवतो, आणि रात्री फोटो नाही, पेमेंटची आठवण. पण छापील लेबल समोर असताना नवशिक्या माणसाने अजून काय काय तपासायचं? लेबल कोणीही छापून चिकटवतं. कडेचा फोटो नाही तर पैसे नाहीत, बस.

आलं ते बेसूर. "नवीन तारा आहेत ताई, ताणल्या जातात, थोडे दिवस द्या." नायलॉनच्या नव्या तारा सुरुवातीला उतरतात हे खरंच आहे, म्हणून तर मी थांबले, आणि त्यात त्याला हवा तेवढा वेळ मिळाला. नीट ऐका, मोकळी ए तार ट्यूनरवर बरोबर आणि बाराव्या फ्रेटवर (दांड्यावरच्या बाराव्या पट्टीशी दाबून) वरचा ए यायच्या ऐवजी ए शार्प, म्हणजे अर्धा स्वर चढा, येत असेल तर तो तारांचा दोष नाही, वाद्यच चुकीचं बनलंय. शेवटी दुकानात दाखवलं, त्यांनी कडेचा काळा रंग खरवडला, आत प्लाय.

मग रिफंडचं नाटक. "पूर्ण ५,८५० परत करतो, हा क्यूआर स्कॅन करा." पैसे घ्यायला पिन लागत नाही हे मलाही माहितीये हो, पण कानाला फोन, तो एकसारखी घाई करतोय, त्यात बऱ्याच वेळाने पैसे परत मिळणार म्हणून जीव गुंतलेला. अजून ५,८५० गेले.

पोलीस स्टेशनात म्हणाले वस्तू तर मिळाली ना, मग फसवणूक कसली. क्यूआरचं सांगितलं तर सायबरकडे जा. सायबरवाले म्हणे हद्द तुमच्या स्टेशनची. परत तिथे, तर साहेब बंदोबस्ताला. एकाने तर तोंडावर विचारलं, एवढुशा रकमेसाठी कशाला, इथे लोकांचे लाखो जातात. एवढुशा? माझ्या पगारातून महिन्याला थोडे थोडे बाजूला टाकून जमवले होते ते! बँकेने एका ओळीत उत्तर दिलं, पिन तुम्हीच टाकलाय. स्क्रीनशॉट, कुरियरची पावती, त्याचा नंबर सगळं हातात देऊनही कोणी त्या नंबरवर साधा एक फोन लावला नाही, आणि तो नंबर तेव्हा चालू होता!!

पैसे गेले की त्याच मिनिटाला १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, स्टेशनच्या चकरा नंतर. आणि पहिल्या वाद्याला सॉलिडचा हट्ट कशाला, चांगलं लॅमिनेट, म्हणजे थरांचं लाकूड, शिकायला पुरतं आणि पावसाळ्यातही कमी कुरकुरतं. दुकानात जाऊन घ्या, वाजवून घ्या.

तो अजून विकतोय, नाव बदललंय, भाव आता ६,२०० लावलाय. फोटोत ब्रिजशेजारी (तारा खाली अडकवतात ती पट्टी) तिरका ओरखडा आणि मागे निळा पडदा दिसला तर तोच.