दहा टक्क्यांचं कर्ज मला एकवीस टक्क्यांना पडलं

आम्ही नाशिकच्या सिडकोत राहतो. पहाटे पंचवटीच्या मार्केट यार्डातून भाजी उचलायची आणि सातपूर-अंबडच्या कँटीनना पोचवायची, हा आमचा धंदा. २०२३ च्या दिवाळीआधी सेकंडहँड छोटा हत्ती टेम्पो घ्यायचं ठरलं. तीन लाख कमी पडत होते. बँकेत गेले तर साहेब म्हणाले, बारा टक्के, आणि कागदपत्रांची यादी हातात दिली. त्याच आठवड्यात गाडीच्या एजंटाने एका फायनान्स कंपनीचा माणूस घरी आणला. "ताई, बँक बारा घेते, आम्ही दहाच. फ्लॅट दहा, तीन वर्षं."

त्याने हिशेब लपवला नाही, हे मुद्दाम सांगते. माझ्यासमोर मोबाईलवर केला. तीन लाखांचं वर्षाचं व्याज ३०,०००, तीन वर्षांचं ९०,०००. एकूण ३,९०,०००, भागिले ३६, म्हणजे हप्ता १०,८३३. मी तो वहीत पुन्हा करून पाहिला. मुद्दल गुणिले दर गुणिले मुदत भागिले शंभर, शाळेत घोटलेलं सरळव्याज. उत्तर तंतोतंत आलं, म्हणून मी निर्धास्त सही केली.

पण ते सूत्र कधी चालतं? सगळं मुद्दल शेवटपर्यंत आपल्याकडे राहिलं आणि मुदत संपल्यावर एकरकमी परत केलं, तर. आपण तर दर महिन्याला थोडं थोडं फेडत असतो. माझ्या हप्त्याचे सरळ दोन भाग करा: ८,३३३ मुद्दल आणि २,५०० व्याज. छत्तिसाव्या महिन्यात माझ्याकडे त्यांचे जेमतेम ८,३३३ रुपये उरतात, आणि व्याज मात्र तेव्हाही पूर्ण तीन लाखांवरचं, २,५००! यालाच फ्लॅट दर म्हणतात. बँकेचा बारा टक्के दर घटत्या शिलकेवरचा होता, म्हणजे व्याज फक्त फेडायच्या राहिलेल्या मुद्दलावर. त्याचा हप्ता ९,९६४ आला असता आणि तीन वर्षांचं व्याज ५८,७०० च्या आसपास. मी 'महाग' म्हणून सोडलेलं कर्ज ३१,००० रुपयांनी स्वस्त होतं. बँकेत मी हप्ता किती येईल एवढं विचारलं असतं, तरी तिथेच कळलं असतं.

हे उघड झालं चौदा हप्ते भरल्यावर. भिशीचे पैसे आले होते, म्हणून कर्ज फेडून टाकायला गेले. माझ्या हिशेबाने १,८३,००० बाकी असायला हवी होती. त्यांनी दोन लाखांच्या वर आकडा सांगितला. खातेउतारा मागितला, तर त्यात व्याजदर छापला होता १७.९२ टक्के. म्हणजे तोंडी दर फ्लॅट, आणि त्यांची स्वतःची वही घटत्या शिलकेची. सुरुवातीच्या हप्त्यांत व्याज जास्त आणि मुद्दल कमी, त्यामुळे मध्येच फेडायला जाणाऱ्याला दुसरा फटका.

शिवाय माझ्या हातात तीन लाख आलेच नव्हते. फाईल चार्ज आणि विमा धरून १२,००० आधीच कापले होते. हप्ता मात्र पूर्ण तीन लाखांवर. भाच्याने लॅपटॉपवर एक्सेलमधल्या 'रेट' सूत्रात तीनच आकडे घातले: ३६ हप्ते, १०,८३३ रुपये आणि हातात आलेले २,८८,०००. महिन्याचा दर आला, त्याला बाराने गुणलं. जवळपास २१ टक्के. मी बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसले. पहाटे तीनला उठून कमावलेला पैसा आहे तो.

कर्ज घेणाऱ्या प्रत्येकाने हेच तीन आकडे मागा: हातात नक्की किती येणार, हप्ता किती, हप्ते किती. टक्का त्यांनी सांगू नये, आपण काढावा. ढोबळ अंदाज हवा असेल तर दोन-तीन वर्षांच्या मासिक हप्त्यांच्या कर्जात फ्लॅट दराची पावणेदोन ते दोन पट करा.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ आणि लघुउद्योगांच्या मुदत कर्जांना बँकेने किंवा फायनान्स कंपनीने 'की फॅक्ट्स स्टेटमेंट', म्हणजे कर्जाच्या मुख्य माहितीचा कागद, द्यावंच लागतं, आणि ते आपल्याला समजणाऱ्या भाषेत. त्यात सगळे चार्ज धरून वार्षिक खर्चाचा टक्का, म्हणजे एपीआर, लिहिलेला असतो. तो वाचल्याशिवाय सही करू नका. माझं कर्ज त्याआधीचं. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत येत नाहीत, तिथे हे तीन आकडे स्वतःच लिहून घ्या.

मी कंपनीकडे लेखी तक्रार केली. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, १४४४८ वर माहिती मिळते. मला उत्तर आलं: करारात दर लिहिलेला आहे, खाली तुमची सही आहे. करार काढून पाहिला. इंग्रजीत, बारीक अक्षरात, सातव्या पानावर १७.९२ खरंच होतं, आणि त्याच पानाच्या तळाशी माझी मराठीतली सही.