आधीची नोकरी का सोडली: ‘घरगुती कारण’ सांगावे की खरे कारण?

बेळगावच्या उद्यमबागेत एखाद्या फौंड्रीच्या मालकासमोर बसलात काय किंवा पुण्यातील कंपनीच्या एचआर विभागाशी व्हिडिओवर बोललात काय, आधीची नोकरी का सोडली हा प्रश्न टळत नाही. आपल्या भागातील उमेदवार त्याला साधारणपणे दोन प्रकारे उत्तर देतात. एक तर ‘घरगुती कारण होते’ असे म्हणून विषय मिटवतात, नाहीतर खरे कारण मोजक्या शब्दांत सांगतात.

घरगुती कारण सभ्य वाटते, त्यात जुन्या मालकाची निंदा होत नाही आणि समोरचाही सहसा खोलात शिरत नाही. घरात खरोखरच आजारपण असेल, तर ते सांगण्यात संकोच बाळगू नये. मात्र आता घरची काय व्यवस्था लागली आहे, हेही त्याच दमात सांगावे, कारण विचारणाऱ्याला तुमच्या घरापेक्षा तुम्ही पुन्हा मध्येच काम सोडाल की काय याची काळजी असते. कारण बनावट असेल तर मात्र धोका मोठा आहे. उद्यमबाग आणि मच्छे येथील बरेच कारखानदार एकमेकांना ओळखतात आणि एका फोनवर सगळे कळते. शिवाय भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदींत कोणत्या आस्थापनेने कोणत्या महिन्याची वर्गणी भरली, ते दिसते. आईच्या आजारपणासाठी घरी होतो असे सांगितलेल्या महिन्यांत दुसऱ्याच कारखान्याची वर्गणी निघाली, तर नोकरी हातची जाते.

खरे कारण सांगण्यात कस लागतो तो मांडणीचा. ‘तिथे काही शिकायला मिळत नव्हते’ ही तक्रार झाली. ‘तिथे माझ्याकडे केवळ साध्या लेथवरचे टर्निंग होते, मला सीएनसीचे प्रोग्रॅमिंग करायचे आहे आणि तुमच्याकडे ते काम आहे’ हे उत्तर झाले. पगाराचे कारण कारखान्यात उघडपणे चालते, कारण वाढीव पगारासाठी कारागीर शेड बदलतात हे मालकाला नवीन नसते. पतसंस्थेत किंवा रुग्णालयात मात्र त्याला कामाच्या कारणाची जोड द्यावी. खानापूरहून येणाऱ्याने रात्रपाळी सुटल्यावर परतीची गाडी मिळत नव्हती असे सांगितले, तर त्यात कमीपणा काहीच नाही. फक्त नव्या ठिकाणची पाळी जमणारी आहे ना, हे आधी पाहून घ्यावे.

कन्नडचा मुद्दा आपल्याकडे नाजूक आहे. कार्यालयातील पत्रव्यवहार कन्नडमध्ये असल्याने अडचण झाली असेल, तर वादाच्या सुरात न बोलता ‘बोलता येते, वाचायला शिकतो आहे, मसुदा लिहिणे अजून जमत नाही’ असे नेमके सांगावे. हीच व्यक्ती चंदगड तालुक्यातील शिनोळीच्या औद्योगिक वसाहतीत अर्ज करत असेल, तर सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या त्या मुलाखतीत हा मुद्दा तितका अडत नाही आणि एका वाक्यात आटोपतो. साखर कारखान्यातील हंगामी कामगाराने तर खुलासा करत बसूच नये; गळीत हंगाम संपला की काम संपते, हे इथे सर्वांना ठाऊक असते.

कामावरून काढले असल्यास राजीनामा दिला असे सांगू नये. ‘ऑर्डरी घटल्या आणि आमची पाळी बंद झाली’ हे जितके सरळ सांगता येते, तितकेच ‘वरिष्ठांशी कामाच्या पद्धतीवरून जमले नाही’ हेही सांगता येते, पण वरिष्ठांचे नाव, भांडणाचा तपशील आणि कोण खरे होते याचा निवाडा तिथे नको.

माझ्या मते, घरगुती कारण खरोखरच असेल तर ते सांगावे, एरवी खरे कारण मोजक्या शब्दांत सांगण्याचा मार्ग पत्करावा. त्यात एक अडचण येते: अनेकांनी राजीनाम्याच्या पत्रात ‘वैयक्तिक कारणास्तव’ असे लिहिलेले असते आणि मुलाखतीत वेगळे कारण निघते. मुलाखत घेणाऱ्याने ते पत्र पाहून विचारलेच, तर ‘पत्रात रीतीप्रमाणे तसे लिहिले, प्रत्यक्षात कारण हे होते’ एवढे म्हणणे पुरते.