बंद चक्राचा क्रायोस्टॅट : गोव्याच्या हवेतला अनुभव

द्रवरूप हेलियम न लागता १० केल्विनपर्यंत, म्हणजे जवळपास उणे २६३ अंश सेल्सिअसपर्यंत जाणारा हा क्रायोस्टॅट (तोच वायू बंद चक्रात फिरवून नमुना अतिथंड ठेवणारे यंत्र) आमच्या पणजीजवळच्या प्रयोगशाळेने एका विशिष्ट कामासाठी घेतला. गोठलेल्या आरगॉनमध्ये अडकवलेल्या फॉर्मिक आम्लातील हायड्रोजनचे क्वांटम टनेलिंग, म्हणजे ऊर्जेचा अडथळा न ओलांडता त्यातून आरपार जाणे, अवरक्त वर्णपटावर पाहणे, हे ते काम.

या रेणूची सिस आणि ट्रान्स अशी दोन रूपे आहेत; त्यांत हायड्रोजनची दिशा वेगळी असते. लेझरने सिस रूपात वळवलेला रेणू आपोआप ट्रान्स रूपात परततो. वाटेतला ऊर्जेचा अडथळा या तापमानाच्या औष्णिक ऊर्जेच्या शेकडो पट असल्यामुळे तो ओलांडला जाणे शक्य नाही. तरीही वर्णपटातली १८०७ सेंमी⁻¹ जवळची सिस रूपाची कार्बोनिल (C=O) पट्टी काही मिनिटांत ओसरू लागते आणि १७६७ जवळची ट्रान्स रूपाची वाढते. हायड्रॉक्सिलमधल्या (OH) हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम (हायड्रोजनचे जड रूप) घातला, की हाच बदल कमालीचा मंदावतो.

अशा प्रयोगात यंत्र किती खाली जाते यापेक्षा तापमान किती स्थिर राखते, याला महत्त्व अधिक, कारण एका मर्यादेखाली या बदलाचा वेग तापमानावर जवळजवळ अवलंबून राहत नाही, हीच टनेलिंगची खूण (गोल्डान्स्की आणि सहकाऱ्यांनी १९७३ साली फॉर्माल्डिहाइडच्या बहुलकीकरणाबाबत ती मांडली होती). १० आणि १५ केल्विनला घेतलेल्या नोंदी शेजारी ठेवता येतात, इतके तापमान नियंत्रण चोख आहे. इथे यंत्राला पूर्ण गुण द्यावेत.

तक्रार आहे ती खिडक्यांची, म्हणजे अवरक्त प्रकाश ज्यांतून आरपार जातो त्या चकत्यांची. सोबत आलेल्या पोटॅशियम ब्रोमाइडच्या चकत्या जून लागताच धुरकट झाल्या, आणि ओ-रिंगपाशी (सांधा हवाबंद करणाऱ्या रबरी कड्यापाशी) झालेल्या बारीक गळतीतून आत शिरलेली वाफ नमुन्याच्या थंड चकतीवर बर्फ होऊन बसली. पाण्याचा रेणू फॉर्मिक आम्लाला चिकटला की टनेलिंगचा वेगच बदलतो, त्यामुळे त्या नोंदी टाकून द्याव्या लागल्या. वीज गेल्यास काँप्रेसर थांबतो आणि आरगॉनसकट नमुना उडून जातो. दिलेला यूपीएस फक्त नियंत्रकापुरता आहे, हे विक्रेत्याने आधी सांगायला हवे होते.

पावसाळ्यात यंत्र बंद ठेवा, असा सल्ला सेवा अभियंत्याने फोनवरून दिला. गोव्यात त्याचा अर्थ चार महिने रजा! शेवटी आम्ही झिंक सेलेनाइडच्या खिडक्या स्वखर्चाने बसवल्या. परावर्तनामुळे त्यांतून प्रकाश कमी येतो, पण कार्बोनिलच्या पट्ट्यांना तेवढा पुरतो. किनारपट्टीवरच्या ग्राहकांनी मागणी नोंदवतानाच त्या लिहून घ्याव्यात.