गवंडीकाम शिकायचंय: आयटीआय की मिस्त्रीच्या हाताखाली?

वाटा दोनच. आयटीआयमधला गवंडीकामाचा एक वर्षाचा कोर्स, ज्याला आठवी पास चालतं. नाहीतर ओळखीच्या मिस्त्रीकडे बिगारी म्हणून लागायचं. साइटवर पहिल्या दिवसापासून मजुरी सुटते, आयटीआयमध्ये वर्षभर घरचं खावं लागतं. ज्याला ते परवडत नाही त्याने सरळ साइट धरावी.

परवडत असेल तर एवढंच बघा: कोपरा उभारायला कुठे मिळतो?

भिंतीचं खरं कसब कोपऱ्यात असतं. आधी दोन्ही टोकांचे कोपरे पायऱ्या सोडत चार-पाच थर उचलायचे, मग दोरी ताणून मधलं भरायचं. इंग्लिश बॉण्डच्या (एक थर आडव्या लांब विटांचा, पुढचा विटांच्या तोंडांचा) नऊ इंची भिंतीत, ज्या थरात विटांची तोंडं बाहेर येतात तिथे कोपऱ्यातल्या पहिल्या विटेलगत लांबीत चिरलेली अर्धी वीट बसवावी लागते. ती विसरली की खालचे-वरचे उभे सांधे एका रेषेत येतात आणि भिंत तिथेच कमजोर पडते. दर थराला दोन्ही अंगांनी ओळंबा (भिंत सरळ उभी आहे का ते दाखवणारं दोरीचं वजन), काटकोनाला गुण्या, उंचीला खुणांची काठी. 90 मिमीची वीट आणि 10 मिमी माल (विटा जोडणारं सिमेंट-वाळूचं मिश्रण) धरला तर दहा थरांना एक मीटर. माल 12 मिमीचा पडत गेला, तर लिंटेलपर्यंतच्या (दार-खिडकीवरच्या आडव्या तुळईपर्यंतच्या) 21 थरांत 42 मिमी जास्त चढतात. एकाच कोपऱ्यात असं झालं की दोरी तिरपी होते आणि शेवटच्या थराला विटा फोडून तुकडे भरत बसावं लागतं.

साइटवर कोपरा मिस्त्री स्वतःच धरतो. त्याचंही चूक नाही, बिघडला तर दिवसाचं काम उकलावं लागतं. पण बिगारी माल कालवण्यात आणि विटा भिजवण्यात अडकतो, पुढे थापी हातात आली तरी दोरीमधलंच भरतो. असे हात झपाझप चालतात, मात्र एकट्याने खोली आखायची म्हटलं की थबकतात. मला हेच सगळ्यात खुपलं, म्हणून मी आयटीआयच्या बाजूने झुकलो. तिथे कोपरा प्रत्येकाला उभारावा लागतो, चुकला तर उतरवून पुन्हा. नकाशा वाचायलाही शिकवतात.

तिथली उणीवही मोठी आहे. सरावाची भिंत पाडायचीच असते, म्हणून बहुधा मातीचा किंवा अगदी हलका माल वापरतात. सिमेंटचा माल आवळायच्या आत संपवणं, कोरड्या विटेने पाणी ओढलं की माल भुरभुरा होणं, रोज पाणी मारणं, हे हाताला कळत नाही. त्या भिंतीला बहुधा गिलावाही होत नाही. ओळंबा 10 मिमी चुकला की 12 मिमीचा गिलावा 22 वर जातो, हे कोर्सनंतर साइटवर उमेदवारी केल्यावरच समजतं.

मिस्त्रीकडेच जायचं असेल तर मजुरी ठरवतानाच विचारा, कोपरा कधी देणार? सहा महिन्यांत कंपाउंडच्या भिंतीचा देतो म्हणणारा मिस्त्री भेटला, तर मीही आयटीआयचा आग्रह धरणार नाही.