भुयाराचा नकाशा कागदावर काढावा की पडद्यावर?

डन्जन्स अँड ड्रॅगन्ससारखा, पात्रं बनून टेबलावर गोष्ट खेळायचा खेळ मांडायला चार-पाच जण जमले, कुणी जादूगार झालं, कुणी चोर, आणि गेम मास्टर (गोष्ट आणि राक्षस चालवणारा) व्हायचं तुमच्या वाट्याला आलं. आता नकाशे, राक्षसांचे आकडे, कुणाची पाळी कधी, हे सगळं वही-पुठ्ठ्यावर सांभाळायचं की लॅपटॉपवर? सगळे वेगवेगळ्या ठिकाणी असतील तर व्हर्च्युअल टेबलटॉपशिवाय, म्हणजे खेळाचं टेबल पडद्यावर मांडणाऱ्या सॉफ्टवेअरशिवाय, गत्यंतर नाही. एकाच टेबलाभोवती बसणार असाल, तर निर्णय जरा विचार करून घ्यावा लागतो.

आधी नकाशा. डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये एक इंचाचा चौकोन म्हणजे ५ फूट, त्यामुळे ३० फूट चालणारं पात्र एका पाळीत ६ चौकोन सरकतं. ए-४ कागदावर असे ८ बाय ११ चौकोन बसतात, म्हणजे ४० बाय ५५ फुटांची खोली. बहुतेक चकमकींना ती पुरते. आखलेल्या कागदावर जाड पारदर्शक प्लास्टिक अंथरलं की मार्करने काढा, पुसा, पुन्हा काढा. खेळाडूंनी तुम्ही सजवलेला दरवाजा सोडून अंगणातल्या विहिरीत उतरायचं ठरवलं, तर विहिरीचा तळ अर्ध्या मिनिटात तयार होतो. पडद्यावर तेच करायचं तर चित्र शोधा, चौकोन जुळवा, भिंती आखा. तोवर टेबलावरचा ताण विरून जातो. माझ्या लेखी गेम मास्टरच्या साधनाची खरी परीक्षा इथेच होते.

अंधार मात्र पडद्यावरच खुलतो. कागदी नकाशावर न पाहिलेल्या खोल्या कागदाच्या तुकड्यांनी झाकता येतात, पण उघडलेली खोली सगळ्यांना सारखीच दिसते. डायनॅमिक लायटिंगमध्ये, म्हणजे प्रत्येक पात्राला जेवढं दिसेल तेवढंच दाखवणाऱ्या सोयीत, मशालवाल्याला त्याच्या उजेडापुरतंच दिसतं, अंधारात पाहू शकणाऱ्या एल्फला त्यापुढचंही, आणि कोपऱ्यापलीकडे काय आहे ते कुणालाच नाही. भीतीवर चालणारं कॅम्पेन (अनेक बैठकांत चालणारी सलग गोष्ट) असेल, तर एवढ्यासाठीही लॅपटॉप उघडावा. फक्त एकाच मोठ्या पडद्याकडे सगळे बघत असतील, तर हा फरक उरत नाही. प्रत्येकाला आपापला पडदा लागतो.

पाळीचा क्रम सांभाळायला दुमडलेल्या कार्डांइतकं चांगलं काही मला अजून सापडलेलं नाही. प्रत्येक पात्राचं एक कार्ड मधोमध दुमडून गेम मास्टरच्या स्क्रीनवर, म्हणजे त्याच्यासमोरच्या पुठ्ठ्याच्या आडोशावर, ओळीने अडकवायचं. खेळाडूंच्या बाजूला नाव, आपल्या बाजूला आर्मर क्लास (पात्राला वार लागणं किती अवघड, तो आकडा). पुढची पाळी कुणाची ते सगळ्यांना दिसतं, म्हणून तो खेळाडू आधीच तयार असतो. राक्षसांचे हिट पॉइंट्सही (किती जीव उरला त्याचे आकडे) सुरुवातीला वहीत सहज मावतात. ७-७ पॉइंट्सचे आठ गॉब्लिन म्हणजे आठ आकडे आणि खाडाखोड. वरच्या लेव्हलला एकेका राक्षसावर तीन-तीन मंत्रांचे परिणाम चालू असतात, तेव्हा संगणक चुका वाचवतो.

यादृच्छिक घटनांचे तक्ते मी हातानेच करतो. दोन सहा बाजूंचे फासे टाकले तर ७ येण्याची शक्यता ३६ पैकी ६, आणि २ किंवा १२ येण्याची प्रत्येकी ३६ पैकी १. म्हणून ७ वर रोजची गस्त लिहायची आणि १२ वर ड्रॅगन. अशा तक्त्यात तुमचं जग उतरतं. ऑनलाइन जनरेटर झटपट नावं देतात, पण ती कुठल्याही जगात खपतील अशी असतात. आणि २०२३ च्या जानेवारीत डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले झाले, त्यामुळे त्यातून स्वतःच्या स्क्रीनसाठी नियमांचा कागद बिनधास्त बनवता येतो.

सेशन (खेळाची एक बैठक) संपल्यावरची आठवण मात्र मी संगणकावर सोपवली आहे. खानावळीच्या मालकिणीने कोणतं वचन दिलं होतं, हे सात महिन्यांनी वहीत शोधताना माझा गोष्टीतला एक अख्खा धागा निसटला आणि ज्याला ते वचन दिलं होतं तो खेळाडू हिरमुसला. ऑब्सिडियनसारख्या अ‍ॅपमध्ये टिपणं एकमेकांना जोडता येतात, नाव टाकलं की सापडतात, आणि फायली आपल्याच संगणकावर साध्या मजकुराच्या रूपात राहतात.

डिजिटलकडे वळणार असाल, तर तीन नावं पाहा. आउलबेअर रोडिओ ब्राउझरमध्ये चालतं: नकाशा, टोकन (पात्रांच्या सोंगट्या) आणि न पाहिलेला भाग झाकणारं धुकं त्यात आहे. नियम त्याला कळत नाहीत, म्हणून ते कागदाला सर्वांत जवळचं. २०१२ मध्ये आलेलं रोल२० फुकट सुरू करता येतं, कॅरेक्टर शीट (पात्राच्या माहितीचा तक्ता) आणि फासेही तिथेच आहेत, पण डायनॅमिक लायटिंगला वर्गणी भरावी लागते. २०२० मधलं फाउंड्री एकदाच विकत घ्यायचं, तेही फक्त गेम मास्टरने. लायटिंग त्यातच येतं. मात्र ते आपल्या संगणकावरून चालवायचं तर नेटवर्कच्या सेटिंगशी झटापट करायची तयारी हवी, आणि ती पहिल्या सेशनच्या आदल्या रात्री करू नका.