पाच लाखांचा दंड आणि कोपऱ्यातलं निळं बटण

आमचा ट्रस्ट छोटा. सांगली जिल्ह्यातल्या दहावी-बारावीच्या मुलांना शिष्यवृत्ती देतो. बँकेतून निवृत्त झाल्यापासून हिशेब मीच बघतो, म्हणून मार्चमध्ये तो फोन आला तोही मलाच.

"सर, तुमची वेबसाइट अंध व्यक्तींना वापरता येत नाही. २०१६ च्या दिव्यांग कायद्यानं पाच लाख दंड आहे." कायदा खरा आणि पाच लाखांचा आकडाही त्यात आहे. पण कलम ८९ मी फार उशिरा वाचलं. पहिल्या उल्लंघनाला दहा हजारांपर्यंत दंड, पुन्हा केलंत तर पन्नास हजार ते पाच लाख. जन्मभर कर्जाचे कागद तपासलेल्या माणसानं हे आधी बघायला नको होतं का? पण ३१ मार्च तोंडावर होता, "याच वर्षाच्या खर्चात बसवून टाका" म्हणून त्या विक्रेत्याचे रोज दोन फोन. साइट नीट करून देण्याचे दिले ४८ हजार.

दोन दिवसांत साइटच्या कोपऱ्यात गोल निळं बटण आलं. दाबलं की अक्षरं मोठी होतात, रंग उलटे होतात, एक बाई मजकूर वाचून दाखवते. विश्वस्त खूश. सोबत सोनेरी शिक्क्याचं 'डब्ल्यूथ्रीसी प्रमाणित' असं प्रमाणपत्र. ते आम्ही फ्रेम करून लावलं! डब्ल्यूथ्रीसी ही संस्था वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी म्हणून डब्ल्यूसीएजी नावाचे निकष लिहिते, वेबसाइटना प्रमाणपत्रं वाटत नाही, हे तेव्हा आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

जूनमध्ये एका अंध मुलीचा फोन आला. "काका, फॉर्म भरताच येत नाही." मी ऐटीत सांगितलं, निळं बटण दाब. ती म्हणाली, "ते दाबलं की माझा टॉकबॅक, म्हणजे फोनमधला वाचून दाखवणारा आवाज, आणि तुमची बाई एकदमच बोलतात."

तिचा भाऊ तिला मोटारसायकलवरून घेऊन आला. तिनं फोन टेबलावर ठेवला आणि मी पहिल्यांदा आमची साइट कानांनी ऐकली. एडिट बॉक्स. एडिट बॉक्स. एडिट बॉक्स. नाव कुठल्या चौकटीत, उत्पन्न कुठल्या, काही पत्ता नाही. शेवटच्या तारखेची सूचना आम्ही पत्रकाचा फोटो काढून टाकली होती, तिथं फोन नुसता 'इमेज' म्हणाला. नियमांची पीडीएफ स्कॅन केलेली, म्हणजे तिच्या लेखी कोरा कागद. जुनी पानं युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये. आम्हाला स्वच्छ मराठी दिसायचं, फोन मात्र इंग्रजी अक्षरांची खिचडी वाचत होता.

बटण म्हणजे साइटवर वरून चिकटवलेला थोडासा कोड. खालचा फॉर्म होता तसाच. ज्याला दिसत नाही त्याच्या फोनमध्ये वाचणारा आवाज आधीपासून असतो, त्याला आमची बाई कशाला हवी? असंच बटण विकणाऱ्या एका कंपनीला खोट्या दाव्यांबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २०२५ मध्ये दहा लाख डॉलर भरायला लावले.

आमच्या विक्रेत्याचं उत्तर: "सर, तो तुमचा कंटेंट आहे, आमच्या स्कोपमध्ये येत नाही." करारातही 'सुलभतेसाठी साहाय्य' एवढंच लिहिलेलं. पैसे गेले ते गेलेच. साइटचा पासवर्डही त्याच्याकडे, तो परत मिळवायला तीन आठवडे गेले.

तुम्हाला असा फोन आला तर चेक लिहिण्याआधी माउस बाजूला ठेवा आणि नुसत्या टॅब कीनं फॉर्म भरून बघा. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, फुकट मिळतो, तो लावून ऐका. आणि विक्रेत्याला म्हणा, स्क्रीन रीडर रोज वापरणाऱ्या माणसाकडून आमच्यासमोर फॉर्म भरून दाखव, मग पैसे.

आमच्या चौकटींना नावं दिली ती गल्लीतल्या पॉलिटेक्निकच्या एका मुलानं, दोन संध्याकाळींत. सूचना टाइप केली, नियमही. मुदतीच्या दिवशी ती मुलगी पुन्हा आली, सगळा फॉर्म भरला आणि शेवटी कॅप्चाच्या, म्हणजे 'यातली अक्षरं ओळखून लिहा' म्हणणाऱ्या, चित्रापाशी अडली. ते कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. काढलं तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते, मुदत बाराची.